निळ्याच्या शेजारी पांढरं

“झेंडू? निळ्या फुलांच्या पायाशी पिवळाधमक झेंडू? सुदाम, ही बाग आहे की गणपतीचा मंडप?”

“मॅडम, मागच्या टायमाला तुम्हीच म्हणला होता, जरा कलर पाहिजे...”

“कलर म्हणाले होते. ओकारी नव्हते म्हणाले.”

दफ्तरदार मॅडमनी तो शब्द नाक मुरडून उच्चारला. मी बाजूलाच उभी होते. आणि आबा हसत होते. आबा म्हणजे माझे वडील, पाचगणीतल्या ‘एल्मवूड’ बंगल्याचे माळी. बावीस वर्षं तिथंच. शिव्या खाताना ते हसायचे. टोपी हातात, मान खाली-वर, आणि ओठ ताणलेले. ते हसू बघितलं की मला अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं.

“आणि मागे ते लाल काय आहे?”

“कर्दळ, मॅडम.”

“कर्दळ! रविवारी माझा अख्खा गार्डन ग्रुप येतोय. बारा बायका. मुंबईहून, पुण्याहून. त्यांना मी हे दाखवू? निळं, पिवळं, लाल? सर्कस?”

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. दीड वर्षापूर्वी शाळा सोडली होती. म्हणजे झालं असं की, भूगोलाच्या सरांनी माझी वही “कचरा” म्हणून खिडकीबाहेर फेकली. मी त्यांचा डस्टर त्याच खिडकीतून फेकला आणि दप्तर उचलून घरी आले, ती परत गेलेच नाही. तोंडावर माझा ताबा नाही. तेव्हा नव्हता, आता पण नाही.

“मॅडम बरोबर बोलतायत,” मी म्हणले. “झेंडू काढायलाच पाहिजे. कर्दळ तर आधी काढायला पाहिजे.”

आबांनी माझ्याकडं असं बघितलं की घरी गेल्यावर माझं काही खरं नव्हतं.

“ही कोण?”

“पोरगी हाय, मॅडम. हर्षदा. जा गं आत तू, आईला भांडी घासू लाग.”

“थांब. का काढायला पाहिजे? बोल.”

मग मी बोलले. इतके दिवस आबांना सांगत होते, ते ऐकत नव्हते, तेच बोलले. हायड्रेंजियाला, म्हणजे त्या निळ्या फुलांच्या झुडपांना, दुपारचं ऊन सोसत नाही, म्हणून तो वाफा सिल्व्हर ओकच्या सावलीत, व्हरांड्याच्या पूर्वेला. अकरा झुडपं, एका ओळीत. झेंडूला ऊन पाहिजे दिवसभर. सावलीत तो नुसता लांब लांब वाढतो आणि मान टाकतो. म्हणजे एकाला सुखात ठेवायचं तर दुसरा मरणार. कर्दळीचं तर विचारूच नका, पाण्याला हावरट. हायड्रेंजियाला घातलेलं पाणी तिची मुळं आधी पितात, आणि बारा वाजले की हायड्रेंजियाची पानं फडक्यासारखी लोंबतात. शेजार करायचा तर सारख्या सवयीचा करावा. ज्याला सावली चालते, ओल चालते, आमची लाल माती चालते, आणि जे दुसऱ्याच्या ताटात हात घालत नाही, असं.

“आणि रंग?” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला होता.

“आपल्या मातीत हायड्रेंजिया निळाच होतो. तो निळा तसा थंड आहे. त्याच्या शेजारी पिवळं, लाल ठेवलं की तो मळका दिसतो. पांढरं पाहिजे. पुढं हिरवं, बुटकं. आणि मधून मधून पांढरं, उंच.”

“पांढरं!” मॅडमनी टाळी वाजवली. “सुदाम, ऐकलंस? तुझ्या पोरीला डोळे आहेत. तुझ्याकडे दोन बटणं आहेत.”

आबा हसले. मी पण हसले. ते आठवलं की आज पण मला शिसारी येते. बापाला बटणं म्हणाली बाई, आणि मी खुशीनं हसले.

मग मॅडमनी खरी गोष्ट काढली. पुण्याची एक लँडस्केपवाली कंपनी होती. त्यांचा माणूस सोमवारी बाग बघायला येणार होता. “रविवारी हा बेड बघण्यासारखा झाला असेल तर मी त्याला फोन करून येऊ नको म्हणते,” मॅडम म्हणाल्या. “नाहीतर मग बाग त्यांच्याकडे. त्यांची दोन माणसं इथे राहतील. मागची खोली त्यांना लागेल. मी आधीच सांगतेय, सुदाम, मग रडगाणं नको.”

मागची खोली म्हणजे आमचं घर. आबा, आई, मी आणि सहावीतला माझा भाऊ ओंकार. मी त्याच खोलीत जन्मले. आई बंगल्यात स्वयंपाकाला होती, ती पण त्या खोलीमुळंच. खोली गेली की सगळंच गेलं.

हे झालं गुरुवारी. रविवारपर्यंत तीन दिवस.

आमच्या डोंगरावर माळी लोक सहसा रोप विकत आणत नाहीत. या बंगल्यातून काडी, त्या बंगल्यातून कोंब. मालकांना न विचारताच. मालकांना कळत पण नाही. सगळ्या बागा एकमेकींतून उचललेल्या आहेत, आणि एकमेकींच्या बागेला नावं ठेवायला बायका मुंबईहून येतात.

गुरुवारी संध्याकाळी मी झेंडू आणि कर्दळ काढली. आबा रुसून बसले होते, पण फावडं मारायला आले. शुक्रवारी मी ओढ्यात उतरून नेचे आणले, मातीसकट, पाटीतून चार खेपा. ते पुढच्या कडेला लावले. खालच्या आळीच्या बंगल्यातला माळी किसनकाका म्हणाला, “ने की पांढरी बिगोनिया, इथं उंदरासारखी वाढलीय,” तर ती आणली, ती नेच्यांच्या मागं ठिपक्या ठिपक्यांनी लावली. छान दिसायला लागलं. पण उंच पांढरं काही मिळेना. डेझीचा मोसम संपलेला. पांढरं जिरॅनियम होतं एकीकडं, पण ते उन्हातलं. ते आणलं असतं तर परत झेंडूचीच गत.

शुक्रवारी संध्याकाळी मी व्हरांड्याच्या पायरीवर बसून वाफ्याकडं बघत होते. निळ्याच निळ्या गठ्ठ्यांची भिंत. खाली पांढरे ठिपके. आणि मधे काहीच नाही. दात पडलेल्या तोंडासारखं.

“झालं की आता,” आबा म्हणाले. “चांगलं दिसतंय.”

“नाही दिसत.”

“लय शहाणी झालीस.”

“आबा, एक आहे. पांढरी आफ्रिकन लिली.”

आबांनी झटकन माझ्याकडं बघितलं. कारण कुठली ते त्यांना माहीत होतं. आमच्या डोंगरावर आफ्रिकन लिली भरपूर, पण सगळी निळी. कमरेएवढा दांडा, आणि टोकाला छत्री उघडल्यासारखं फूल. पांढरी एकाच ठिकाणी होती. टेकडीच्या पलीकडं ख्रिस्ती लोकांचं जुनं कबरस्तान आहे, तिथं, खालच्या कोपऱ्यात, एका लहान कबरीच्या उशाशी. दगडावर लिहिलं होतं, ‘शलोमी साळवे, वय ९’.

आणि ती कुणाची हे पण आम्हाला माहीत होतं. एस्तेरबाई साळवेची पोरगी. एस्तेरबाई एका बोर्डिंग शाळेत पस्तीस वर्षं आया होती. आता निवृत्त होऊन घरी केक करायची. बंगल्यांच्या चहापार्ट्यांना तिचाच केक जायचा. एल्मवूडसाठी केकचा डबा आणायला मीच जायचे. ती केकच्या कडा कापायची आणि त्या कडा एका बशीत माझ्यासाठी ठेवायची. फार बोलायची नाही. “खा,” म्हणायची, नाहीतर “नखं काप,” म्हणायची. दर रविवारी चर्च सुटलं की झारी घेऊन कबरस्तानात जाताना दिसायची. तिथं नळ नाही, पाणी वरून न्यावं लागतं.

“कबरीवरचं?” आबा म्हणाले. “तुझं डोकं फिरलंय का?”

“एक कोंब.”

“कोंबाला फूल कवा येणार? पुढच्या वर्षी. परवा काय दाखवणार, कोंब?”

आत आई ओंकारला पाढे म्हणायला लावत होती, सतराचा. ते ऐकू येत होतं.

शनिवारी दुपारी साडेबारा वाजता, कबरस्तानात चिटपाखरू नसतं तेव्हा, आम्ही गेलो. आबांनी पहार आणि फावडं घेतलं, मी गोणपाट घेतलं. तासाभरात परत आलो. लिली आली. फावडं आबांच्या हातात होतं, एवढं लक्षात ठेवा.

तिचे तीन भाग करून झुडपांच्या मधे लावले. बारा दांडे, बारा पांढऱ्या छत्र्या. पाणी घातलं, वरून पाला पसरला, म्हणजे माती ताजी उकरलेली दिसू नये. मग मी फाटकापर्यंत गेले आणि तिथून मागं वळून बघितलं.

काय सांगू. इतकं सुंदर मी माझ्या हातानं आधी काही केलं नव्हतं.

मॅडम शनिवारी संध्याकाळी बंगल्यावर परत आल्या. वाफ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांचा हात आपोआप छातीवर गेला. “सुदाम,” म्हणाल्या, “हे कुठून आणलंस?”

“पुण्याच्या नर्सरीतनं, मॅडम. वळखीचा माणूस हाय.”

“गुड. व्हेरी गुड. सोमवारचं मी बघते.”

आबांनी रात्री ओंकारला पेढे आणून दिले. मला पण दिला एक. मी खाल्ला.

रविवारी तीनला गाड्या आल्या. बारा बायका म्हणाल्या होत्या, आल्या चौदा. कुणाचे गॉगल, कुणाच्या टोप्या, सगळ्यांच्या अंगाला वेगवेगळा वास, आणि ते सगळे वास एकमेकांत मिसळून फुलबाजारातल्या सडक्या पाण्यासारखं काहीतरी झालं होतं. आबांना मॅडमनी नवा शर्ट घालायला लावला होता. ते वाफ्याच्या टोकाला हात बांधून उभे, म्हणजे कुणी विचारलं तर नावं सांगायला. मी कपबश्या उचलायला.

एकीनं हायड्रेंजियाचा गठ्ठा हातात धरून असा दाबला, भाजीबाजारात फ्लॉवर दाबतात तसा. दुसरी द्राक्षं खात होती आणि बिया माझ्या नेच्यांत थुंकत होती. बोलताना थुंकायची, हसताना थुंकायची. तिसरीनं सिगारेट ओढली आणि थोटूक बिगोनियाच्या मुळाशी खुपसलं, वर पायानं माती सारली, मांजर सारतं तशी. आबा बघत होते आणि हसत होते.

“अगापँथस! आफ्रिकन लिली, आणि तीही व्हाइट! अगं, हा तर मला कुठे मिळाला नाही. कुठून आणलास?”

“सोर्स सांगत नसते मी,” दफ्तरदार मॅडम म्हणाल्या. सगळ्या हसल्या.

“पण काय कॉम्बिनेशन आहे! कुणी डिझाइन केलं?”

“मीच. डोक्यात होतं बरेच दिवस.”

हे ऐकून मला राग आला. बघा, राग कशाचा आला मला. पोरीच्या कबरीवरची लिली तिथं उभी आहे, आणि मला राग आला की बाईनं माझं नाव घेतलं नाही.

पावणेचारला एस्तेरबाई केकचा डबा घेऊन फाटकातून आत आली. त्या दिवशी मी डबा आणायला गेले नव्हते, आईला पोट दुखतंय सांगितलं होतं. मग तिलाच यावं लागलं. चर्चची पांढरी साडी अंगावर होती. आणि साडीला गुडघ्यांच्या जागी लाल मातीचे दोन गोल डाग. मला ते आधी दिसले, तिचं तोंड नंतर.

ती स्वयंपाकघराकडं जायला वाफ्यावरून निघाली आणि थांबली. डबा पायरीवर ठेवला. फुलाला हात लावला नाही तिनं. नुसतं वाकून पानं बघितली, मग दांडे बघितले, एकेक.

“सुदाम, ही कुठली?”

“पुण्याची, बाई. नर्सरीतली.”

“कधी आणली?”

“परवा.”

“परवा,” ती म्हणाली.

आबांच्या कपाळावरून घाम निघून नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि तिथं लोंबत होता. तो पुसायला पण त्यांनी हात वर केला नाही.

“अरे, एस्तेरबाई! आणलात का केक?” मॅडम ग्रुपला घेऊन इकडं आल्या. “ह्यांचा स्पंज खाऊन बघा तुम्ही, ताज विसराल. बाई, कसा वाटला आमचा नवा बेड?”

“चांगला आहे, मॅडम.” एस्तेरबाई सरळ उभी राहिली. “एक मागू? ह्यातला एक कोंब द्याल मला?”

“कशाला?”

“माझ्या मुलीच्या कबरीवर होती अशी. बत्तीस वर्षं होती. आज चर्च सुटल्यावर गेले तर खड्डा. मुळापासनं नेलीय कुणीतरी.”

“ओ माय गॉड,” एक म्हणाली.

“कबरीवरून? लोक ना, काही म्हणजे काही सोडत नाहीत,” द्राक्षंवाली म्हणाली, आणि तिनं डब्याचं झाकण उघडून केकचा तुकडा उचलला.

“अरेरे,” मॅडम म्हणाल्या. “देऊ ना, नक्की देऊ. पण आत्ता नको हं, बाई. आत्ता काढला तर बेड उघडा पडेल, फोटो काढायचेत अजून. सीझन संपला ना, की मी सुदामला सांगते. एक कोंब बाजूला काढून ठेव म्हणून. सुदाम, लक्षात ठेवशील?”

“व्हय मॅडम. ठेवतो की,” आबा म्हणाले. हसत.

माझ्या हातात ट्रे होता. तो मी खाली ठेवला का टाकला, मला आठवत नाही. कपांचा आवाज झाला एवढं खरं.

“काय देताय तुम्ही तिला?” मी ओरडले. “तिचीच आहे ती! तिच्याच पोरीच्या कबरीवरनं आणलीय! काल दुपारी आणलीय, ह्यांनी!”

आबांची चापट माझ्या कानावर बसली तेव्हा मला कळलं की मी त्यांच्याकडं बोट केलं होतं.

“मॅडम, ऐकू नका तिचं! डोकं फिरलेलं हाय पोरीचं, शाळेतनं पण तसंच... आचरट हाय, मॅडम, खोटं बोलती!”

सगळं थांबलं. सिगारेटवाली एक पाऊल मागं सरली. जिनं लिलीला हात लावला होता तिनं पर्समधून कागद काढून बोटं पुसायला घेतली.

“सुदाम,” मॅडम म्हणाल्या, अगदी हळू. “माझ्या बागेत तू कबरीवरचं आणून लावलंस?”

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिच्या हातात चहाची किटली. किटलीचं झाकण थडथड वाजत होतं, एवढे तिचे हात कापत होते. तिच्या मागून ओंकार डोकं काढून बघत होता. मला दिसत होतं की खोली गेली. आत्ता, ह्या मिनिटाला, मॅडमच्या तोंडातून एक वाक्य निघायचं बाकी होतं.

एस्तेरबाईनं आईकडं बघितलं. मग ओंकारकडं. मग ती म्हणाली, “नाही, मॅडम. माझी ही नव्हे.”

“म्हणजे?”

“माझ्या लिलीचं फूल लहान. जरा पिवळट. ही पांढरीशुभ्र आहे. पोरीची चूक झाली. मी विचारलं म्हणून तिला वाटलं असेल.”

“नक्की?”

“बत्तीस वर्षं बघतेय मी माझी लिली.”

मॅडमनी श्वास सोडला. “बाई, घाबरवलंत हो आम्हाला!” म्हणाल्या, आणि ग्रुपमधून हसण्याची एक लाट गेली. “चला, चहा. सुदाम, ते कप उचल. आणि ह्या मुलीला जरा आवर.”

आबा हसले. ह्या वेळचं हसू वेगळं होतं. सुटल्याचं. नाकावरचा घाम त्यांनी नव्या शर्टाच्या बाहीला पुसला आणि ते एस्तेरबाईकडं बघून दोन्ही हात जोडून हसले. मला थुंकावंसं वाटलं. खरंच तोंडात थुंकी जमा झाली होती. त्यांच्यावर थुंकायची का त्या चौदा बायकांवर, तेवढंच ठरत नव्हतं.

एस्तेरबाई रिकामा डबा न घेताच फाटकाबाहेर पडली होती. मी पळत गेले. वळणावर तिला गाठलं.

“एस्तेरबाई, का खोटं बोललात?”

ती चालतच राहिली.

“तुमचीच आहे ती. तुम्हाला माहितीय. मी आणून देते. आत्ता उपटून आणते, त्यांच्या नाकावर टिच्चून.”

“नको.”

“का नको?”

ती थांबली. दम लागला होता तिला. “त्या बाईनं दिली असती ना, खरं कळल्यावर. सगळ्यांसमोर. फोटो काढून दिली असती. माझीच वस्तू मला दान. मला नको त्या हातातनं.”

“मग आमच्यासाठी का...”

“तुझ्या बापासाठी नाही. तुझ्या आईचे हात बघितले मी.”

“मी खरं बोलले,” मी म्हणले. कान अजून जळत होता. “तिथं कुणी बोललं नाही. मी बोलले. तुमच्यासाठी.”

तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. केकच्या कडा देताना बघायची तसं नाही. दुकानात नासकं काही हातात आलं की बघतो ना आपण, तसं.

“माझ्यासाठी नाही बोललीस. तुला राग आला म्हणून बोललीस. राग आता आला तुला. बाप खोदत होता तेव्हा तुझं तोंड कुठं होतं?”

आणि ती गेली.

सोमवारी पुण्याचा माणूस आला नाही. खोली राहिली. अजून आहे आबांकडं. बुधवारी मी मावशीकडं तळेगावला निघून आले आणि इथं नर्सरीत लागले. तीन वर्षं झाली. सगळ्यांना मी हेच सांगते, की बापानं कबरीवरचं चोरलं, मी चौदा बायकांसमोर खरं बोलले, मार खाल्ला, घर सोडलं. ऐकणारे म्हणतात, वा, पोरगी असावी तर अशी.

खोदत होते तेव्हा माझं तोंड कुठं होतं? तिथंच होतं. मी बोलले होते.

आबांनी पहारीनं गड्डा सैल केला, आणि फावड्यानं त्याचे बरोब्बर मधोमध दोन भाग केले. एक भाग गोणपाटावर घेतला. दुसरा परत खड्ड्यात बसवला आणि गुडघ्यावर बसून हातानं माती लोटायला लागले. “अर्धं जागेवर ठेवायचं असतं,” म्हणाले. “दोन पावसाळ्यात भरून येतं. तेवढी तरी लाज ठेवायची.” गोणपाटावर सहा दांडे होते. मी ते बघितले आणि माझ्या डोळ्यांसमोर वाफा आला. अकरा झुडपं आणि सहा दांडे. एका बाजूला असणार, एका बाजूला नसणार.

“टक्कल दिसेल,” मी म्हणले. “सगळी घ्या.”

“हर्षे, नको.”

“सगळी घ्या म्हणते ना.”

“पोरीची कबर हाय, बाळा.”

“खोली ठेवायचीय का नाही तुम्हाला?”

ते उठले नाहीत. मग मीच वाकले. दोन्ही हातांनी बुडखा धरला, पाय दगडाला लावला, नाव कोरलेल्या दगडालाच, आणि ओढली. मुळं तुटताना कापड फाटल्यासारखा आवाज झाला. आबांनी तोंड फिरवलं होतं.

आणि खोली बिली माझ्या डोक्यात नव्हतीच. ते मी आबांना उठवायला बोलले. माझ्या डोक्यात फक्त ते निळं होतं, आणि त्याच्या शेजारी बारा पांढरी फुलं कशी दिसतील ते.

तशीच दिसली.

खाली टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारतोय, रोपं भरायचीत. जाते.